रब्बी ज्वारीतलं तण: आमच्या गटाच्या नोंदी, मे २०२४ ते फेब्रुवारी २०२५

११ मे २०२४, शनिवार

काल अक्षय तृतीया झाली, आज सकाळी मारुतीच्या पारावर गट बसला. औसा तालुक्यात तावरजेच्या काठाला आमचं गाव. बावीस घरांचा गट. या वर्षी एकच काम धरायचं ठरलं: रब्बी ज्वारीतलं तण. खरिपात सगळं रान सोयाबीन आणि तूर घेते. ज्वारी उरली ती रब्बीची, घरच्या भाकरीपुरती आणि दावणीच्या कडब्यापुरती. तिचं खुरपण करतात त्या गटातल्याच बाया, आधी दुसऱ्याच्या रानात रोजानं आणि मग आपल्या रानात.

गेल्या रब्बीत माळाच्या अंगाला आबांच्या दीड एकरात ज्वारी मांडीएवढीच राहिली. सगळे म्हणाले, पाणी कमी पडलं. काढणीला मी गेले तेव्हा धाटांच्या बुडाशी वाळलेली, काळपट, वीतभर झाडं उभी होती. बोंडं फुटून रिकामी झालेली. टारफुला, ज्वारीच्या मुळांवर जगणारं तण. बी केव्हाच मातीत गेलं होतं. शेजारच्याच पट्ट्यात तीच ज्वारी, तेवढ्याच पावसावर पुरुषभर वाढली होती, आणि टारफुला तिथं नव्हता. या वर्षी त्या रानावर पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवायचं, म्हणून या नोंदी.

आज बोलणं जास्त झालं ते हराळीवर. दोघांनी भाड्याचा रोटाव्हेटर ठरवला होता. मी थांबवलं. हराळीची काशी, म्हणजे मातीत पसरणारं खोड, आणि नागरमोथ्याची गाठ रोटाव्हेटरनं तुटते, मरत नाही. प्रत्येक तुकडा पुन्हा फुटतो आणि एका कोपऱ्यातली हराळी अख्ख्या रानात जाते. त्यापेक्षा खोल नांगरट करून ढेकळं उन्हात पडू द्यावीत आणि वखरानं वर आलेल्या काशा वेचून काढाव्यात. मे महिन्याच्या उन्हाएवढं स्वस्त औषध नाही. नागरमोथ्याच्या गाठी मात्र खोल असतात, एका उन्हाळ्यात सगळ्या जात नाहीत. तेही सांगितलं.

१४ जून, शुक्रवार

मृग लागून आठवडा झाला. दोन चांगले पाऊस झाले. सोयाबीनवाले तिफणी काढून बसलेत; पुरती ओल होईपर्यंत थांबा, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं प्रत्येकाला सांगत फिरले.

आमच्या कामाचं रान म्हणजे ज्वारीसाठी पड ठेवलेलं. तिथं आत्ताच हिरवी साय धरलीय. माठ, कुंजरू, घोळ, दुधी, केना, गाजरगवत, सगळं दोन-दोन पानांवर. आबा म्हणाले, "पेरणी सप्टेंबरात, आता कशाला वखराची पाळी घालायची? डिझेल फुकट." मला उलट वाटतं. ज्वारीतलं अर्धं तण पेरणीच्या आधीच मारता येतं, आणि ते याच दिवसांत. वरच्या दोन बोटं मातीत जे बी आहे ते पावसानं उगवतं. कोंब कोवळा असताना उथळ पाळी दिली की तेवढं बी कायमचं खपलं. पुढच्या पावसाला पुन्हा उगवतं, पुन्हा पाळी. फक्त पाळी उथळच हवी. खोल गेली की खालचं निजलेलं बी वर येतं आणि केलेलं पाण्यात जातं.

चार घरं तयार झाली. आबाही.

२१ जुलै, रविवार

पाऊस थांबून थांबून आहे. पडीच्या चारही रानांत दुसरी पाळी झाली. तिसऱ्या दिवशी मी चौकट घेऊन गेले. लाकडी चौकट, अर्धा मीटर बाय अर्धा मीटर. सुताराकडून करून घेतली. पाळी दिलेल्या रानात चौकट पाच ठिकाणी टाकली, कुठंही सहा-सातच्या वर रोपटं नाही. बांधापलीकडच्या बिनपाळीच्या पडीत एकाच चौकटीत मोजता मोजता चाळिशी ओलांडली आणि मी सोडून दिलं. बायांना ते बघायला बोलावलं. आकड्यापेक्षा डोळ्यांनी बघितलेलं त्यांना पटतं, आणि मलाही.

केन्यावर थोडं लिहून ठेवते, कारण आज त्यानं सगळ्यांना चकित केलं. मोठ्या मावशींनी एक वेल मुळासकट उपटला, माती झटकली आणि माझ्यापुढं धरला. वर निळी फुलं होतीच, पण खाली मुळांजवळ पांढुरक्या दोऱ्यांना इवल्या मिटलेल्या कळ्या लटकलेल्या. केना जमिनीच्या आतही फुलतो आणि तिथंच बी धरतो. वरून विळ्यानं कापला तरी खालचं बी राहतं. आणि कापलेला तुकडा ओल्या मातीवर पडला की पेरातून मुळं सोडतो. म्हणून केना उपटायचा आणि पाटीत घालून रानाबाहेर न्यायचा. चाळीस वर्षं खुरपणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ह्ये मला कुणी दाखवलंच नव्हतं." त्यांनी तो वेल घरी नेला, सुनांना दाखवायला.

१८ ऑगस्ट, रविवार

गाजरगवताचा आठवडा चालू आहे, १६ ते २२ ऑगस्ट. शाळेजवळ आणि पाणंदीच्या दोन्ही अंगांनी ते कंबरेएवढं झालंय. फुलायच्या आत उपटलं तर उपयोग. फुलल्यावर उपटून टाकणं म्हणजे बी पेरत जाणं. हातमोजे सगळ्यांना दिले. दोघींच्या हातांना गेल्या वर्षी याच गवतानं खाज आणि फोड आले होते, एकीला अजून डाग आहेत.

हे तण आपल्याकडचं नव्हे. १९५५ च्या सुमाराला पुण्यात ते पहिल्यांदा नजरेस आलं आणि तिथून देशभर पसरलं. त्याला खाणारा भुंगा १९८० च्या दशकात मेक्सिकोतून आणून आपल्याकडं सोडला: मेक्सिकन भुंगा, पिवळट पाठीवर काळ्या रेघा. पाणंदीच्या टोकाला तो आज सापडला. अळ्याही होत्या, पानं चाळणीसारखी झालेली. तेवढी झाडं मुद्दाम उभी ठेवली.

पडीत तिसरी पाळी झाली. आबांनी तर चौथीचीही तयारी केलीय. डिझेलचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

३१ ऑगस्ट, शनिवार

आज कुंड्यांचं काम. गटातली तीन घरं सोयाबीन काढून त्याच रानात ज्वारी पेरायची म्हणतात. सोयाबीनवर त्यांनी उगवणीनंतरचं तणनाशक मारलेलं आहे, इमॅझेथापायरचं. हे औषध मातीत रेंगाळतं आणि ज्वारीला ते सोसत नाही. सोयाबीनला काही होत नाही, म्हणून शेतकऱ्याच्या ध्यानात येत नाही. पुढची ज्वारी खुरटली की मग बियाण्याला दोष.

परीक्षा सोपी आहे. रानातली वरची वीतभर माती चार-पाच जागांवरून घ्यायची, मिसळायची, कुंडीत भरायची. दुसऱ्या कुंडीत औषध न पडलेल्या जागेची माती. दोन्हींत ज्वारीचे दहा-दहा दाणे. पाणी सारखं, ऊन सारखं. पंधरा दिवस बघायचं. माझ्या ओसरीवर आज सहा कुंड्या मांडल्या, खडूनं खुणा केल्या.

४ सप्टेंबर, बुधवार

पोळ्याला बैल सजवले आणि पावसानं सगळं धुऊन नेलं. १ आणि २ तारखेला मराठवाडाभर अतिवृष्टी झाली. परभणी, हिंगोली, नांदेडकडचं ऐकवत नाही. आमच्याकडं ओढ्याकाठची सोयाबीन दोन दिवस पाण्यात होती. आज कुणाच्या रानात पाय टाकवत नाही. तणाची नोंद आज नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन करून गट सरळ माझ्या ओसरीवर आला.

दोन रानांच्या कुंड्या चांगल्या; बांधाच्या मातीतली ज्वारी आणि त्यांतली ज्वारी सारखीच. तिसऱ्या घराच्या कुंडीत दहाही दाणे उगवले होते, पण रोपं बोटभर राहिली, पानं पिवळी आणि कडांना जांभळट. उपटून मुळं धुतली: आखूड, बोथट, केसमुळं जवळजवळ नाहीत. शेजारच्या कुंडीतल्या रोपाची मुळं पांढरी, लांब, जाळीदार. दोन्ही रोपं ताटलीत शेजारी ठेवली आणि कुणाला काही सांगावं लागलं नाही. त्या घरच्या दादांनी स्वतःहून सांगितलं की तण मोठं झालं म्हणून त्यांनी ऑगस्टात उशिरा फवारलं होतं, आणि तासाच्या टोकांना पंप वळवताना दोनदा पडलं होतं.

त्यांनी त्या रानात हरभरा घ्यायचं ठरवलं. ज्वारीचं बी, पेरणी, चार महिने, सगळं वाचलं. सहा कुंड्यांच्या खर्चात एका घराची रब्बी सावरली, याचा मला आज फार आनंद आहे.

२९ सप्टेंबर, रविवार

हस्त लागला आणि घात, म्हणजे पेरणीजोगी ओल, आली. कोरडवाहू ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्यात साधायची असते. उशीर झाला की खोडमाशी वाढते आणि दाणे भरताना ओल संपते. गेल्या आठवड्याच्या पावसामुळं थांबलो होतो. पेरणीच्या आधी शेवटची उथळ पाळी देऊन उगवलेलं तण मोडलं आणि त्याच घातीवर तिफण धरली.

बियाणं रानाच्या जातीप्रमाणं. माळाच्या हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, काळ्या भारी रानाला परभणी मोती. तिघांनी मालदांडीच धरली, भाकरीच्या चवीसाठी. त्यांच्याशी मी वाद घातला नाही. एकरी ४ किलो बी. किलोला ३०० मेश गंधक ४ ग्रॅम चोळलं, काणी रोग येऊ नये म्हणून. मग अॅझोटोबॅक्टर हे जिवाणू खत २५ ग्रॅम. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर. हे अंतर तणाच्या कामातलंच आहे, कारण ओळी सरळ आणि एकसारख्या नसतील तर कोळपं, म्हणजे ओळींमधलं तण काढणारं बैलाचं अवजार, चालत नाही आणि सगळा भार खुरप्यावर, म्हणजे बायांच्या कंबरेवर येतो. म्हणून चाड्यावर आज मोठ्या मावशींना बसवलं. त्यांच्या मुठीतून बी सुटतं ते पाण्याच्या धारेसारखं.

टारफुल्याच्या रानाची तिफण सगळ्यांत शेवटी चालवली आणि तिथंच फण, नळ्या, चाडं झाडून घेतलं. तिथली माती पुढं कुठं न्यायची नाही.

३० सप्टेंबर, सोमवार

दोन रानांत अर्ध्या-अर्ध्या एकरावर अॅट्राझिन हे तणनाशक मारलं, बाकी अर्धं फक्त कोळपं आणि खुरप्यावर ठेवलं, शेजारी शेजारी बघायला.

हिशेब सगळ्यांसमोर मांडला, कारण चूक इथंच होते. ज्वारीला हेक्टरी अर्धा किलो क्रियाशील घटक. पुडा ५० टक्क्यांचा, म्हणजे हेक्टरी १ किलो, एकरी ४०० ग्रॅम. पाणी एकरी २०० लिटर. पंप १६ लिटरचा, म्हणजे एकराला साडेबारा पंप, पंपाला ३२ ग्रॅम. पण हे खरं ठरतं ते चालणारा माणूस २०० लिटर एका एकरात बसवत असेल तरच. म्हणून आधी नुसत्या पाण्याचा एक पंप मोजलेल्या जागेवर मारून चाल बसवली. तोटी पट्टा सोडणारी, फ्लॅट फॅन. किडीच्या औषधाची गोल तोटी इथं चालत नाही. पेरणीनंतर, उगवणीच्या आत, ओल्या मातीवर, मागं मागं सरकत, म्हणजे फवारलेल्यावर पाय पडत नाही.

ज्या दोन घरांनी ज्वारीत करडईच्या ओळी टाकल्या आहेत त्यांना अॅट्राझिन नको म्हणून निक्षून सांगितलं. ते रुंद पानांच्या रोपांना मारतं, करडई त्यातून सुटत नाही. आणि आपल्या काळ्या, चुनखडीच्या, विम्लधर्मी मातीत ते जास्त दिवस टिकतं. "थोडं जास्त टाकलं तर काय होतंय" याचं उत्तर पुढच्या पिकात मिळतं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

उगवण चांगली. विरळणी केली, दोन रोपांत १५ सेंटिमीटर. उद्या दसरा. ऊसतोडीच्या टोळ्यांच्या उचली झाल्यात. गावातली सात-आठ जोडपी दिवाळीनंतर जाणार. कोळपणीला बैल आणि माणूस आत्ताच सांगून ठेवावा लागेल.

२० ऑक्टोबर, रविवार

तीन आठवडे झाले, पहिली कोळपणी. ही फटीच्या कोळप्यानं, म्हणजे रोपाच्या दोन्ही अंगांनी पास, म्हणजे पातं, जाते आणि रोप फटीतून सुटतं. पुढची पाच आठवड्यांनी अखंड पासेच्या कोळप्यानं, तिसरी आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्यानं. आमच्या भागातल्या जुन्या माणसांना हे ठाऊक होतं, विद्यापीठाच्या शिफारशीतही हेच आहे. कोळप्यानं तण तर मरतंच, पण वर भुसभुशीत मातीचा थर होतो आणि खालची ओल उडत नाही. पुढं काळी माती भेगाळली की दातेरी कोळपं त्या भेगा बुजवतं. कोरडवाहू ज्वारीला वरून पाणी नाही. हस्ताच्या पावसाची मातीत साठलेली ओल हीच तिची विहीर. तणनाशक तण मारील, भेग बुजवणार नाही. म्हणून अॅट्राझिनच्या पट्ट्यातही कोळपं चालवलंच.

आजवरचा फरक: अॅट्राझिनच्या पट्ट्यात माठ, कुंजरू जवळजवळ नाही. हराळी आणि नागरमोथा मात्र जशाच्या तशा.

२६ ऑक्टोबर, शनिवार

आजची नोंद लिहायला जड जातेय.

गटाच्या सामाईक पंपानं बुधवारी एका ताईंच्या तुरीवर अळीचं औषध मारलं. आज त्यांनी बोलावलं. तुरीचे शेंडे वाकडे झालेत, एकेक शेंडा वळून खाली झुकलाय, कोवळी पानं आकसून चमच्यासारखी. अळीचं औषध असं करत नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की आधल्या आठवड्यात पंप नदीकाठच्या उसात गेला होता आणि त्यातून २,४-डी हे तणनाशक मारलं होतं. मग नुसत्या पाण्यानं विसळून परत ठेवला. हे औषध पाण्याच्या एका विसळीनं निघत नाही. नळीत, गाळणीत, वॉशरच्या खाचेत राहतं, आणि तूर, कापूस, द्राक्ष, हरभरा यांना त्याचा थेंबही पुरतो. कपाशीवर पडलं की पानाचा पंजा होतो, शिरा एकमेकींना समांतर धावतात. एकदा बघितलेला माणूस ते विसरत नाही.

पंप कुणाकडं जातो आणि कशासाठी, याची वही मी ठेवायला हवी होती. मी ठेवली नव्हती. ताईंची अर्ध्या एकराची तूर आहे आणि त्यावर मुलीच्या वसतिगृहाचे पैसे ठरलेले आहेत. काही शेंडे सावरतील, खालून फूट येईल. पण बहर मागं पडणार हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. गटाच्या पैशातून भरपाई द्यायची, असा विषय मी उद्याच्या बैठकीत मांडणार.

आजपासून तणनाशकाचा पंप वेगळा, लाल पट्टी मारलेला. दुसऱ्या कामाला तो द्यायचाच नाही. २,४-डी गेलेला पंप धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं रात्रभर भरून ठेवायचा, नळीतूनही ते पाणी सोडायचं, मग दोनदा साध्या पाण्यानं. धुतलेलं पाणी ओढ्यात नाही, विहिरीजवळ नाही.

४ नोव्हेंबर, सोमवार

काल भाऊबीज. दुसऱ्या कोळपणीची वेळ नेमकी दिवाळीत आली. बैल मिळाला, हाकायला माणूस मिळेना. शेवटी आबांनी आणि त्यांच्या नातवानं चार रानं दोन दिवसांत काढली. दोन रानं राहिली आहेत. भरपाई मंजूर झाली.

२३ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी सात वाजता आबांचा निरोप: "बाई, लगेच या."

माळाच्या रानात, मधल्या पट्ट्यात, दहा-बारा पावलांच्या गोलात ज्वारी मलूल होती. आबा म्हणाले, "दुपारी माना टाकायलीय, अन् खाली तर वल हाय." खुरप्यानं उकरून बघितलं, दोन वितीवर मूठ वळत होती. ओल असून पीक तहानलेलं दिसतं, हीच टारफुल्याची खूण. वर अजून काही नव्हतं.

एक धाट फावड्यानं ढेकळासकट काढलं. बादलीत भिजत ठेवलं, अर्ध्या तासानं माती आपोआप सुटली. हात न लावता नुसतं हलवत धुतलं. ज्वारीच्या पिवळट मुळांना पांढरे, मेणासारखे, खवल्याखवल्यांचे कोंब चिकटलेले. काही तांदळाएवढे, एक मात्र दोन बोटं लांब, वर यायच्या बेतात. जिथं चिकटलाय तिथं मुळाला गाठ. मी अकरा मोजले, एका धाटाला. आबा बराच वेळ बादलीत बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी आपण पाणी पाणी करत बसलो, अन् पिणारा खालीच होता."

गावातल्या प्रत्येक ज्वारीवाल्याला हे आतून कळावं असं मला वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते. टारफुल्याचं बी डोळ्याला धुळीसारखं, मिलिमीटरच्या पाव भागाएवढं. एक झाड हजारांनी बी टाकतं आणि ते मातीत दहा वर्षांच्या वरही जिवंत राहतं. ते पावसानं उगवत नाही. ज्वारीच्या मुळातून झिरपणारा रस त्याला लागला तरच ते जागं होतं, मुळात शिरतं आणि आपलं सगळं ज्वारीकडून घेतं. बाजरी, मका, ऊस हेही त्याचे यजमान. जमिनीवर दिसेपर्यंत बरंचसं नुकसान झालेलं असतं. म्हणून पडीच्या चार पाळ्यांनी माठ गेला, कुंजरू गेला, पण हा गेला नाही. पडीत तो उगवतच नाही, मग पाळी मारणार काय? जूनमध्ये मी पाळ्यांचं सांगताना हा फरक सांगितला नव्हता. आबांची समजूत झाली होती की टारफुलाही त्यातच जाईल.

हलक्या, नत्र कमी असलेल्या जमिनीत तो जास्त येतो. आबांच्या या रानात सहा वर्षांत शेणखत पडलेलं नाही आणि दर रब्बीला ज्वारीच. दोन्ही गोष्टी त्याच्या सोयीच्या.

२५ नोव्हेंबर, सोमवार

टारफुल्याच्या गोलाभोवती खुंट्या ठोकून सुतळी बांधली. तिसरी, दातेरी कोळपणी बाकी सगळीकडं झाली. गोलात कोळपं नेलं नाही, हातानं केलं. भेगा पडायला लागल्यात.

८ डिसेंबर, रविवार

टारफुला वर आलाय. खरखरीत हिरवी पानं, वीतभर उंची, दोन झाडांना पांढरी फुलं. आज सहा बाया दोन तास. हळूच बुडाशी धरून उपटायचं, गोणीत घालायचं, बांधावर फेकायचं नाही. फुललेल्या झाडावर आधी पिशवी, मग उपटायचं. रानाच्या कोपऱ्यात जाळलं. एका उपटणीनं भागत नाही, खालचे कोंब वर येत राहतात. आठवड्याला एक फेरी ठरवली, पाळीपाळीनं. यंदाचं ज्वारीचं नुकसान यानं भरून येत नाही, हे बायांना सांगितलं. हे काम पुढच्या दहा वर्षांच्या बियाण्याविरुद्ध आहे. मोठ्या मावशी म्हणाल्या, "मग तर येऊच."

३० डिसेंबर, सोमवार

वेळा अमावस्या. गाव ओस, सगळी माणसं रानात. आबांच्या रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, आत पाच पांडव, भज्जी, उंडे, आंबील. कोपेभोवती "होलगे होलगे सालम पलगे" म्हणत फेरी झाली आणि रानभर आंबील शिंपडली. जेवणं झाल्यावर मी सगळ्यांना सुतळीच्या गोलापाशी नेलं. बाहेरून आलेले पाहुणेही आले. तिथं ज्वारी छातीखाली, बाहेर डोक्यावर. अजून चार झाडं सापडली, पाहुण्यातल्या एका पोरानं शोधली.

अॅट्राझिनच्या पट्ट्यात आणि खुरपलेल्या पट्ट्यात आता उभ्यानं फरक कळत नाही. फरक इतकाच की खुरपलेल्या अर्ध्या एकराला पाच बायांचे दोन दिवस जास्त लागले. ज्याला ते दिवस घरचे आहेत त्यानं खुरपावं, ज्याला मजूर मिळत नाही त्यानं मोजून औषध वापरावं. दोघांनाही मी नावं ठेवणार नाही. पडीत जिथं पाळ्या झाल्या होत्या तिथं दोन्हीकडं काम कमी पडलं.

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

काढणी संपत आली. सुतळीचा गोल सगळ्यांत शेवटी काढला. त्या गोलातला कडबा दावणीला नेला नाही, कारण टारफुल्याचं बी जनावराच्या पोटातून शेणखतात आणि खतातून दुसऱ्या रानात जातं. तिथंच जाळला. आबांना कडब्याच्या पेंढ्या कमी पडल्या. तीन घरांनी वीस-वीस पेंढ्या दिल्या.

पुढचं ठरलं ते असं. आबांच्या रानात निदान तीन वर्षं ज्वारी, बाजरी, मका नाही. खरिपात सोयाबीन किंवा कापूस, रब्बीत हरभरा किंवा करडई. कापसाच्या मुळांचा रस टारफुल्याच्या बीला ज्वारीसारखाच जागवतो, पण कापसाच्या मुळावर ते जगू शकत नाही; उगवतं आणि उपाशी मरतं. ज्या द्रव्यामुळं ते जागं होतं ते १९६६ साली कापसाच्याच मुळांतून पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं. भुईमूग, सूर्यफूल यांचाही असा उपयोग होतो. आबा कापूस म्हणाले. उन्हाळ्यात दोन ट्रॉली शेणखत टाकायचं, ट्रॅक्टरभाडं गटाकडून.

ताईंची तूर निघाली. पाच पोती व्हायची तिथं तीन झाली. भरपाईची रक्कम आज त्यांच्या हातात दिली. पंपाच्या वहीत आजवर एकोणीस नोंदी आहेत.

सुतळी सोडली, खुंट्या तशाच ठेवल्यात. कापूस टोकताना तो गोल कुठं होता ते दिसायला हवं.